शॉकअप काढला, सायकल वाचली

हुपरीत जुनी चांदी कोणी फेकत नाही. तुटलेले पैंजण, घुंगरू गळालेली चाळ, साखळीचा अर्धा तुकडा, काम करताना जमिनीवर पडलेला कससुद्धा कारागीर झाडून गोळा करतो. सगळे आटणीला जाते आणि त्यातून पुन्हा नवा दागिना उभा राहतो. आमच्या घरात अब्बांनी चाळीस वर्षे हेच काम केले. तरीही त्याच घराच्या मागच्या पत्र्याखाली अब्बांची काळी सायकल गंजत उभी होती, आणि मुलीची दुसरी सायकल तिच्या शेजारी जाऊन उभी राहण्याच्या बेतात होती. दोन्ही भंगारात घालायचे आम्ही जवळजवळ ठरवले होते. पुढे जे घडले ते या महिन्यात वाचकांना सांगावेसे वाटले, कारण अशी एखादी सायकल आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असते.

मुलगी अकरावी सायन्सला आहे. संध्याकाळी तिचा क्लास रेंदाळला असतो. एस.टी.ची वेळ जुळत नाही, रोज रिक्षाला पैसे घालणे परवडत नाही. चांदीचा भाव चढला की मालाची मागणी थंडावते, आणि घरी बसून घुंगरू जोडणाऱ्या बायकांपासून आटणीवाल्यापर्यंत सगळ्यांचे हात रिकामे होतात. त्या दिवसांत घरात नवीन सायकलचा विषय काढणेही जड जाते. म्हणजे सायकल चालली तर क्लास, नाहीतर क्लास बंद, असा साधा हिशेब होता.

दिसायला ऐटदार, चालवायला जड

मुलीची सायकल सव्वीस इंची. पुढे दोन जाड नळ्यांचा शॉकअप असलेली. नात्यातल्या एका मुलाने वापरून दिलेली, सात-आठ वर्षे जुनी. गेल्या पावसाळ्यानंतर तिची तक्रार सुरू झाली. पुढचा ब्रेक दाबला की हँडलमध्ये टकटक आवाज. चढावर उभे राहून पॅडल मारले की पुढचा भाग खाली-वर डोलायचा. "अब्बू, अर्धी ताकद सायकल हलवण्यातच जाते," असे ती म्हणायची. आम्ही म्हणायचो, तेल घाल.

शॉकअप कशासाठी असतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. दगडधोंड्यांच्या वाटेवर, डोंगरउतारावर पुढचे चाक उसळते तेव्हा त्या नळ्या आत दबतात, धक्का गिळतात आणि चाक जमिनीला धरून ठेवतात. चांगल्या, महागड्या शॉकअपमध्ये आत स्प्रिंग किंवा हवा असते आणि तिच्या जोडीला तेल असते. स्प्रिंग धक्का घेते, तेल तिची उसळी आवरते. स्वस्त सायकलींना मात्र बहुधा नुसती स्प्रिंग आणि रबराचा तुकडा असतो. आवरणारे कोणी नाही, म्हणून दबलेली स्प्रिंग तशीच उलटी उसळते. नळ्यांच्या आत प्लॅस्टिकची बुशे असतात. ती झिजली की नळी नळीत हलू लागते. पावसाचे पाणी आत गेले की गंज धरतो, आणि मग शॉकअप एकतर जाम होतो किंवा लुळा पडतो. मुलीच्या सायकलचा लुळा पडला होता. ती टकटक झिजलेल्या बुशांची होती. ब्रेक दाबल्यावर चाक मागे ओढले जायचे, नळ्या पुढे-मागे हलायच्या, आणि तो आवाज हँडलपर्यंत यायचा.

हा फक्त आवाजाचा प्रश्न नव्हता. ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडच्या रस्त्यावरून साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या एकामागे एक चाललेल्या असतात. अशा रस्त्यावर ब्रेक दाबताना हँडल थरथरत असेल तर मुलीला त्या सायकलवर पाठवायचे कसे?

आमची चूक

गावातल्या मिस्त्रीमामांनी सायकल पाहिली आणि सांगितले, "ह्यो शॉकअप दुरुस्त करण्यात अर्थ न्हाई. आतला माल मिळत न्हाई. साधा चिमटा घाला, सायकल हलकी हुईल. पण माप घेऊन या." चिमटा म्हणजे पुढचे चाक ज्या दोन पायांमध्ये बसते तो फोर्क. साधा चिमटा म्हणजे शॉकअप नसलेला, सरळ लोखंडी.

शेवटचे वाक्य आम्ही कानाआड केले. जुन्या बाजारातून साडेतीनशे रुपयांना एक चिमटा उचलून आणला. दांडी हेडमध्ये बसली, चाक बसले, ब्रेक लागला. आम्ही खूश. मुलगी दुसऱ्या दिवशी क्लासला निघाली आणि गावाबाहेरच्या वळणावर पडली. वळताना हँडल एकदम आत वळले आणि पॅडल रस्त्याला घासले, एवढेच तिला आठवत होते. कोपर सोलपटले, सलवार गुडघ्यावर फाटली. मागून त्या क्षणी काही येत नव्हते, हा अल्लाहचा करम.

त्या रात्री तिची अम्मी म्हणाली, "उद्यापासून सायकल बंद. क्लासही बंद झाला तरी चालेल." मुलगी काही बोलली नाही. जेवण झाल्यावर ती कंपासपेटी आणि वही घेऊन मागच्या दारी गेली. सायकल का पाडते, हे तिला कळून घ्यायचे होते.

मापात सगळे आहे

तिने दोन्ही चिमटे जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. चाकाच्या एक्सलच्या मध्यापासून चिमट्याच्या वरच्या खांद्यापर्यंत, जिथे हेडची खालची वाटी टेकते तिथपर्यंत, पट्टी लावली. जुना शॉकअप ४४५ मिलिमीटर. आम्ही आणलेला चिमटा ३७५. म्हणजे सात सेंटिमीटर आखूड. चूक तिथेच होती.

पुढचा भाग खाली आला की सायकलची सगळी ठेवण बदलते. हेडची नळी तिरकी असते, ती जास्त उभी होते. साधारण वीस मिलिमीटर उंची कमी झाली की एक अंश, असा ढोबळ हिशेब धरतात. हेड जेवढे उभे तेवढे हँडल चपळ आणि चंचल. सरळ चालताना ते फारसे जाणवत नाही, वळताना मात्र सायकल आपण सांगितल्यापेक्षा जास्त वळते. शिवाय पॅडलचा भागही दोनएक सेंटिमीटर खाली येतो. वळणावर सायकल कललेली असताना आतले पॅडल रस्त्याला लागते. मुलीच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच वळणावर झाल्या.

मग पूर्वीइतकीच, ४४५ लांबीचा चिमटा घ्यायचा का? तेही बरोबर नाही. शॉकअपवर माणूस बसला की तो थोडा दबतो, आणि सायकलची खरी उंची ती असते. मुलीने जुना शॉकअप पुन्हा लावला, आतल्या नळीवर केसांचे रबर चढवून खाली टेकवले, सायकलवर बसली आणि हलकेच उतरली. रबर १५ मिलिमीटर वर सरकले होते. ४४५ वजा १५, म्हणजे ४३०. आम्हाला ४३० च्या आसपासचा चिमटा हवा होता. दहा मिलिमीटर इकडेतिकडे चालते, सत्तर चालत नाही.

लांबी हे एक माप झाले. मिस्त्रीमामांनी वहीत आणखी चार मापे लिहायला सांगितली. ती वाचकांनीही लिहून ठेवावीत.

दुसरे माप हेडमधून वर जाणाऱ्या दांडीच्या जाडीचे. जुन्या सायकलींना ती २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच असते. अलीकडच्या पुष्कळ सायकलींना २८.६, म्हणजे सव्वा इंचाला थोडी कमी. डोळ्याला फरक कळत नाही. आमच्या घरी चांदीची तार मोजायचा व्हर्निअर होता आणि मुलीचे अकरावीचे प्रॅक्टिकल नुकतेच झाले होते. अब्बांनी तारेसाठी वापरलेला तो व्हर्निअर नातीने सायकलच्या दांडीला लावला. २५.४ भरले.

तिसरे माप त्या दांडीच्या लांबीचे, आणि तिला वर आटे आहेत की नाहीत हे पाहायचे. आटे असलेल्या दांडीवर वाटी आणि नट फिरवून बसवतात, बिनआट्याच्या दांडीला हँडलची स्टेम बाहेरून आवळतात. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. दांडी लांब असेल तर कापता येते, पण आटे पुरेसे खालपर्यंत हवेत. आखूड असेल तर काही इलाज नाही. तिला जोड देऊन वेल्डिंग करण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये. ती दांडी तुटली तर माणूस तोंडावर पडतो.

चौथे ब्रेकचे. रिमला पकडणारा ब्रेक असेल तर चिमट्याच्या दोन्ही पायांवर ब्रेकच्या खुंट्या हव्यात, आणि त्याही आपल्या चाकाच्या मापाच्या. सव्वीस इंची चाकाला दुसऱ्या मापाच्या खुंट्या लागल्या तर ब्रेकचे रबर रिमऐवजी टायरवर घासते. डिस्क ब्रेक असेल तर तो बसवायची जागा चिमट्यावर असावी लागते.

पाचवे, दोन पायांतले अंतर. पुढच्या चाकाच्या हबला साधारण १०० मिलिमीटर लागतात. शिवाय टायरच्या वर आणि बाजूला चिखल निघून जाण्याइतकी जागा हवी. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात चाकाला कशी चिकटते हे सांगायला नको.

ही पाच मापे घेऊन आम्ही इचलकरंजीला गेलो. दोन दुकानांत नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी ४२५ मिलिमीटरचा, एक इंच दांडीचा, खुंट्यांचा लोखंडी चिमटा सातशे रुपयांना मिळाला.

रविवारचे काम

रविवारी सकाळी मिस्त्रीमामा घरीच आले. पुढचे चाक काढले, ब्रेकची तार सोडली. हँडलच्या मधला बोल्ट दोन फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकूड ठेवून हलकेच ठोकले, तसे हँडल वर निघून आले. वरचा नट आणि वाटी फिरवून काढली. चिमटा खाली उतरताना हेडमधले छर्रे सांडतात, म्हणून खाली जुनी ओढणी पसरली होती. धाकट्याला छर्रे मोजायचे काम दिले. वरचे किती, खालचे किती, हे त्याने वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले. निम्म्या छऱ्र्यांवर गंजाचे डाग होते, म्हणून सगळेच नवे घातले. जुन्यांत नवे मिसळू नयेत, असे मामा म्हणाले. नवा छर्रा थोडा मोठा भरतो आणि सगळा भार एकट्याच्या अंगावर घेतो.

चिमट्याच्या खांद्यावर एक पातळ कडे घट्ट बसवावे लागते, त्यावर खालचे छर्रे फिरतात. ते हाताने सहज बसत असेल तर माप चुकले आहे असे समजावे. मामांनी नळीचा तुकडा वरून घालून ते ठोकून बसवले. वाट्यांत ग्रीस भरले, छर्रे लावले, चिमटा वर सरकवला, वाटी आणि नट आवळले.

इथे दोन तपासण्या त्यांनी मुलीकडून करून घेतल्या. पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि सायकल पुढे-मागे हलवायची. हेडमध्ये टक असे झाले तर वाटी सैल आहे. मग सायकलचे पुढचे चाक उचलून थोडे कलते करायचे. हँडल आपोआप एका बाजूला पडले पाहिजे. अडखळत पडले तर वाटी जास्त आवळली आहे. या दोन्हींच्या मधली जागा सापडली की नट पक्का करायचा. हँडलच्या दांडीवर एक खूण कोरलेली असते, ती हेडच्या आत गेलेली असावी. उंच माणसाला हँडल वर हवे म्हणून ती खूण बाहेर ठेवली तर हँडल निसटू शकते.

आता वजन. आमच्या घरी चांदीचा काटा आहे, त्यामुळे अंदाज करायची गरज नव्हती. जुना शॉकअप २ किलो ६०० ग्रॅम, नवा चिमटा १ किलो १५० ग्रॅम. सायकल जवळजवळ दीड किलोने हलकी झाली. धाकटा म्हणाला, "एवढी चांदी असती तर!" सगळे हसले, अब्बा सोडून. ते काट्याकडे पाहत म्हणाले, "सात-आठ वर्षं पोर हे ओझं ओढत होती की."

मग धक्क्यांचे काय?

मुलीच्या अम्मीने हाच प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. शॉकअप गेला, रस्त्यातले खड्डे तर तसेच आहेत.

उत्तर टायरमध्ये आहे. सायकलचा सर्वांत जुना आणि स्वस्त शॉकअप म्हणजे हवा. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच्या मुलाची तीनचाकी भरीव रबराच्या चाकांवर दगडी रस्त्यावरून खडखडत जायची, आणि त्या पोरासाठीच त्याने आधी रबराच्या नळीत हवा भरून चाकाला गुंडाळली होती.

आम्ही पुढे थोडा रुंद टायर घातला. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत ठेवली, पण दगडासारखी घट्ट केली नाही. आपल्याकडे पंपवाला टायर टणक होईपर्यंत हवा मारतो आणि आपण खूश होतो. हलक्या अंगाच्या मुलीला तेवढ्या हवेची गरज नसते. आमची मुलगी पुढे ३८ आणि मागे ४५ पीएसआय ठेवते. मागे जास्त, कारण माणसाचे आणि दप्तराचे बरेचसे वजन मागच्या चाकावर येते. मात्र हवा फार कमी केली तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटून पंक्चर होते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा शॉकअप आपले हातपाय. खड्डा दिसला की सीटवरून किंचित उठायचे, कोपर आणि गुडघे सैल सोडायचे. धक्का तिथे जिरतो. मुलीला हे चार दिवसांत जमले.

झोपून चालवायची सायकल

हे सगळे चालू असताना धाकट्याने मोबाइलवर एक सायकल दाखवली. माणूस आरामखुर्चीत रेलावा तसा पाठ टेकून बसलेला, पाय पुढे आडवे, पॅडल पुढच्या टोकाला. अब्बांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "पाठदुखीवाल्याला बरी आहे की." चाळीस वर्षे वाकून झाळकाम केलेल्या माणसाला त्यात आधी पाठच दिसणार.

ही सायकल काही कालची नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे याने आपल्या लहान मुलासाठी पॅडलची चारचाकी गाडी बनवली होती, कारण दोनचाकी सायकल मुलाला धोक्याची वाटत होती. त्यातून पुढे त्याने रेलून चालवायची दोनचाकी तयार केली. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूने तीवर बसून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. आधीचा उच्चांक ऑस्कर एगच्या नावावर १९१४ पासून होता, ४४.२४७ किलोमीटरचा. रेलून बसल्यामुळे वारा कमी अडतो, हे त्यामागचे मोठे कारण. पण पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने अशा सायकलींना शर्यतीतून आणि उच्चांकांतून बाद केले. तेव्हापासून ती हौशी लोकांची सायकल होऊन राहिली.

आमच्या विषयाशी तिचा संबंध असा. या सायकलवर खड्डा आला तरी उठता येत नाही. पाठ आणि बैठक सीटला टेकलेली, पाय पुढे. शिवाय बऱ्याचदा पुढचे चाक छोटे, वीस इंची असते, आणि छोटे चाक खड्ड्यात जास्त खोल जाते. म्हणून युरोपातल्या अनेक जुन्या झोपत्या सायकलींना पुढेही शॉकअप दिलेला असतो. काळ गेला की त्यातले रबर कडक होते, बुशे झिजतात, जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनासे होतात. मग मालकापुढे तोच प्रश्न येतो जो आमच्यापुढे होता. शॉकअप काढून साधा चिमटा घालायचा का?

तिथेही उत्तर मापातच असते. चिमटा आखूड झाला की हँडल चंचल होते, आणि झोपत्या सायकलवर तर सीटचा कलही बदलतो, माणूस जास्त उभा बसतो. म्हणून तिथेही आधी दबलेली उंची मोजायची, मग चिमटा निवडायचा, आणि पुढे रुंद टायर घालायचा. पुढचे चाक पॅडलच्याही पुढे असलेल्या लांबलचक सायकलींवर पुढे वजन कमी येते, त्यामुळे तिथे पुढचा शॉकअप गेलेला फारसा जाणवत नाही. चाक पॅडलच्या मागे, मांड्यांखाली असलेल्या आखूड सायकलींवर पुढेही बराच भार असतो, तिथे विचार करूनच काढावा. मागचा शॉकअप असेल तर तो मात्र सांभाळावा, कारण पाठीला लागणारा धक्का तो घेतो.

अब्बांची काळी सायकल

मुलीची सायकल रस्त्यावर आली तसे लक्ष पत्र्याखालच्या सायकलकडे गेले. अठ्ठावीस इंची, रॉडच्या ब्रेकची, हरियाणातल्या सोनीपतच्या अॅटलासची. ही कंपनी १९५१ साली सुरू झाली. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि तो दिवस होता जागतिक सायकल दिनाचा. कारखाना बंद पडला तरी सायकलचे काही अडले नाही. या काळ्या सायकलींचे माप पिढ्यान्‌पिढ्या एकच राहिले, त्यामुळे टायर, ट्यूब, कॉटर पिन, ब्रेकची रबरे आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात. जुन्या मॉडेलचा हा मोठा गुण. शॉकअपच्या सायकलचे आतले बुश सात वर्षांत मिळेनासे झाले, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या सायकलचा छर्रा अजून मिळतो.

या सायकलला पुढून काढायचे काही नव्हते. ओव्हरऑइलिंग केले, चाकांचा आऊट काढला, पॅडलच्या दोन्ही कॉटर पिन बदलल्या. खरा बदल मागे केला. तिचे पुढचे चक्र ४४ दात्यांचे, मागचे फ्रीव्हील १८ दात्यांचे. एका पॅडलफेरीत सायकल साडेपाच मीटरच्या आसपास जायची. सत्तरीतल्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते. फ्रीव्हील २२ दात्यांचे घातले, चेन एका जोडाने वाढवली. आता एका फेरीत साडेचार मीटर. वेग कमी झाला, पण चढ सोपा झाला. अब्बांना आता कुठे शर्यत करायची आहे?

एक सावधगिरी मात्र त्यांनी स्वतःच सांगितली. रॉडचे ब्रेक आणि चकचकीत लोखंडी रिम पावसात ओले झाले की नीट धरत नाहीत. म्हणून पावसात ही सायकल बाहेर काढायची नाही.

हिशेब आणि इशारा

मुलीच्या सायकलचा खर्च असा झाला. चिमटा ७००, हेडसेट १५०, ब्रेकची रबरे आणि तारा १८०, पुढचा टायर ४२०, छर्रे आणि ग्रीस ६०, मजुरी ३००. एकूण १,८१० रुपये. आमच्या घाईचे ३५० रुपये वेगळे. मुलीचे सोललेले कोपर या हिशेबात धरलेले नाही.

शॉकअप सगळ्यांनीच काढावा, असे आमचे म्हणणे नाही. रोज खडकाळ पाणंदीतून जाणाऱ्याने, ज्याचा शॉकअप चांगला आहे त्याने तो राहू द्यावा आणि नळ्या पुसून कोरड्या ठेवाव्यात. ज्या नव्या सायकलींच्या हेडची नळी खाली जाड आणि वर बारीक असते, त्यांना साधा चिमटा तसाच बसत नाही. काम करण्याआधी हेडच्या खाली, नळ्या जिथे जोडल्या आहेत तिथे रंगात केसासारखी भेग दिसते का ते उजेडात पाहावे. भेग असेल तर ती फ्रेम खरोखरच भंगार आहे, तिच्यावर पैसे घालू नयेत. आणि काढलेला झिजका शॉकअप दुसऱ्याच्या सायकलला बसवायला देऊ नये. आमच्याकडे एका ओळखीच्याने तो मागितला होता. मुलीने नाही म्हटले. "आपल्याला जे धोक्याचे, ते त्यांनाही धोक्याचेच ना?" त्यावर आम्हाला बोलण्यासारखे काही उरले नाही. शॉकअप लोखंडाच्या भावाने भंगारात गेला.

आपल्या घरांत मुलांना नवी वस्तू घेऊन देण्यात माया दिसते. परवडत असेल तर जरूर द्यावी. पण चालती होऊ शकणारी वस्तू टाकून देणे हा इसराफ आहे, आणि ती चालती करताना घाई करणे हा त्याहून मोठा तोटा. जुनी सायकल पुन्हा उभी करायची असेल तर एक रविवार, एक पट्टी, एक वही आणि जाणकार मिस्त्री लागतो. मुलगा असो वा मुलगी, त्यांना शेजारी बसवावे. नट कुठल्या बाजूला फिरतो हे एकदा हाताला कळले की रस्त्यात चेन उतरली तरी पोर घाबरत नाही.

मुलीचा क्लास सुरू आहे. सुरुवातीचे आठ दिवस तिची अम्मी दारात उभी राहून वाट पाहायची, आता स्वयंपाकघरातून घंटी ऐकते. पाच मापांचे ते वहीचे पान आम्ही मागच्या दाराला आतून चिकटवले आहे. अस्रच्या नमाजला अब्बा आपली काळी सायकल काढतात. निघण्याआधी पुढचा ब्रेक दाबून ती एकदा पुढे-मागे हलवतात, टक होते का ते पाहतात, आणि मग पाय टाकतात. ही सवय त्यांना नातीने लावली आहे.